उजेडासमोर

जेलरोडला प्रेसचा भोंगा अजून ऐकू येतो.
माझा हात उगाच डब्याकडे.

छत्तीस वर्षं ह्यांनी नोटा तपासल्या.
घरी आली ती फक्त सवय:
काहीही असो, आधी खिडकीशी न्यायचं,
उजेडासमोर धरायचं.
सुलूचा निकाल. लाईटचं बिल.
द्राक्षाचा पहिला मणी.
स्थळाचं पत्र आलं, तेव्हा
"कागद बरा आहे," म्हणाले,
नि जावई ठरला.

मला नाही कधी धरलं उजेडासमोर.
विचारलं एकदा.
"खऱ्याला काय तपासायचं?"
आणि पेपर उघडला.

काल मृण्मयीनं त्यांचा जुना सदरा
खिडकीत धरला.
"आजी, यातून शेवग्याचं झाड दिसतंय!"
विरलाय गं, म्हटलं, दे इकडे.

खिशापाशी शाईचा डाग,
कितीदा घासलेला.
तेवढ्यातून काही दिसेना.