अर्धी गुंज

सुभाष चौकातल्या सराफी गाळ्यांपुढची धूळ
बाप पहाटे चारला झाडून आणतो.
आम्ही झारेकरी.
माळ्यावर माझा जुना लॅपटॉप चालू असतो,
त्याच्याकडेही रात्रभर धूळच येते,
फक्त ती झाडावी लागत नाही,
आपणहून जिना चढते.

नोड म्हणतात त्याला. जगभर असे हजारो,
एकमेकांचं तोंड न बघता
एकच खतावणी लिहिणारे.
दहाएक मिनिटांनी एक पान भरतं,
पानावर जागा मोजकी,
उरलेले व्यवहार दाराशी थांबतात.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी
(पारा सेहेचाळीस, कूलरमध्ये पाणी नाही)
दाराशी अचानक जत्रा भरली.
कुणीतरी, कुठूनतरी,
दमडी-दमडीचे व्यवहार सोडत होतं,
स्वतःचेच स्वतःला,
या खिशातून त्या खिशात,
मिनिटाला शेकड्यांनी.
सह्या खऱ्या. बेरीज बरोबर.
खोटं काहीच नव्हतं त्यात,
कामाचंही काही नव्हतं.
लॅपटॉपचा पंखा दळायला लागला.
म्हटलं, बसतंय आता हे.

नाही बसलं.
नोडला एकच प्रश्न येतो:
वजनामागे फी किती?
तीनशे एमबीची कोठी तुडुंब झाली तसा
त्यानं उंबरा एक बोट वर उचलला.
मग आणखी एक.
सगळ्यात कमी देणारे मागच्या दारानं बाहेर,
ना शिवी, ना पंचनामा.
ज्याला पानावर बसायचं, त्यानं मोजायचं,
आणि पानं कुणाच्या घाईनं उलटत नव्हती.
त्या जत्रावाल्याचा रोजचा खर्च
मी वहीत मांडत बसलो,
ताटात शेवभाजी थिजून गेली.
बुधवारी मला त्याचं हसू आलं.

गुरुवारी रुबाब तडवीचा फोन.
यावलला मोबाईल दुरुस्त करतो, चित्रं काढतो.
सातपुड्यातला एक पोपट
त्यानं पोर्तुगालमधल्या कुणाला बाराशेला विकला होता.
"तो म्हणतो पाठवले. मला तर काही दिसत नाही.
तुझ्या यंत्रात बघ ना, भाऊ."
बघितलं.
मंगळवारी रात्री दोन वाजून अकरा मिनिटांनी
माझ्याच नोडनं ते
धुळीबरोबर बाहेर टाकले होते.

पुन्हा आत ढकलले. उंबरा म्हणाला, कमी आहेत.
पुन्हा ढकलले.
पोर्तुगालवाला फी वाढवायला तयार होता,
पण चारशे, आणि ते पोपटातून कापून.
रुबाब म्हणाला, राहू दे, थांबतो.

खाली बाप घमेल्यात पाणी फिरवत होता.
त्याला सगळं सांगितलं, जमेल तसं,
जत्रा, उंबरा, पोपट.
हात न थांबवता म्हणाला,
"धोवाबिगर कसं कयी,
धूय कोनती नि सोनं कोनतं?"
मी म्हटलं, बाबा, धूत बसलं असतं तर
सगळंच बुडालं असतं.
प्रत्येकाला विचारायला माणूस बसवला की
तोच माणूस उद्या हप्ता मागतो.
हे मला खरं वाटतं. अजूनही वाटतं.
बापानं मान हलवली,
पटल्याची होती की गाळ निथळल्याची,
कळलं नाही.

शनिवारी जत्रा उठली.
पैसा संपला असेल, नाहीतर कंटाळा आला असेल.
उंबरा बोटाबोटानं खाली आला,
रविवारी पहाटे एका पानावर, अगदी तळाशी,
पोपट बसला.

एकही पान फाटलं नाही, एकही बेरीज चुकली नाही.
मी रुबाबला आनंदानं कळवलं: टिकलं बघ!
तो म्हणाला, हो ना.
मग जरा वेळानं,
मीपण.

खाली बापानं पाच दिवसांचा गाळ आटवून
काट्यावर ठेवला होता.
अर्धी गुंज.
त्यानं ती दोनदा तोलली
आणि उरलेलं पाणी
फेकण्याआधी पुन्हा एकदा ढवळलं.