शेरा

आजही ती पोथी उघडली की वाचणारा आधी शिंकतो,
मग माझ्याकडे बघतो. मी काही बोलत नाही.
शेऱ्याच्या रकान्यात मीच लिहिलंय :
मोडी, पाने एकशे चौदा, कडा कुरतडलेल्या, वास तंबाखूचा.

त्या आठवड्यात निपाणीत संचारबंदी.
स्टँडवर गोळीबार झालेला. दुकानाची पाटी
कुठल्या लिपीत आहे एवढंच बघून रॉकेल ओतायचे.
आमच्या वाचनालयाच्या पाटीवर दोन्ही लिप्या,
म्हणजे भीतीही दोन्हीकडची.

उपाध्ये सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, सिदगोंडा, पोती आण.
मी म्हटलं, पोथ्यांना पोती?
ते हसले नाहीत.

बांधलेले कागद, दोऱ्यात ओवलेली हळेगन्नड ताडपत्रं,
वैद्यकाची एक पोथी जिच्या समासात कुणीतरी
गुळाचा हिशेब मांडलेला.
सगळं हातगाडीवर, वरून जर्दा पसरून.

वखारीत हौसाक्का एकटीच होती, पदर नाकाला बांधून.
अक्षराची ओळख नाही.
ताडपत्र बोटांत धरून जरासं वाकवलं तिनं :
"ह्ये वल्लं हाय. मधी घालू नगासा, कुजंल.
पान हाय न्हवं? मग मला सांगू नगासा."

रात्री दारावर काठ्या.
आत काय हाय?
तंबाखू.
कुणाचा? मराठी का कानडी?
"शिक आली की कळतंय व्हय रं, कुठल्या भाषंत आली ती?"
बाहेर कुणीतरी हसलं. पावलं पुढं गेली.

पहाटे वाचनालयाच्या दिशेला आभाळ तांबडं.
तेव्हा आठवलं, नोंदवही टेबलावरच राहिली.
सर अंधारात बोलू लागले :
कपाट दोन, फळी पहिली, डावीकडून...
मी खडूनं पोत्यांवर लिहीत गेलो.
दोनशे नऊ नावं, न थांबता. मग थांबले.
"अजून एक होती. लहान. निळ्या फडक्यात."

ती त्यांना शेवटपर्यंत आठवली नाही.
नव्या नोंदवहीत दोनशे दहावी ओळ कोरी आहे.
नवा मुलगा विचारतो, खोडू का?
राहू दे, म्हणतो.

हौसाक्का एकदा आली होती, नातवाला घेऊन.
पोथी मागितली, नाकाशी धरली.
"जर्दा चांगल्या सालातला हुता," म्हणाली,
आणि उलटीच ठेवून गेली.