चुंबळ

आगटे साहेब पुण्याहून बाणकोटला आले ते टोपी बघायला.
हातमोजे घालून. या उकाड्यात.
मशीनवरचा अर्धवट परकर मी बाजूला सारला
आणि होडेकरांच्या सुनेनं आणून दिलेली ती पुढ्यात ठेवली:
चेपलेली, उसवलेली, मधोमध खोलगट.

ते म्हणाले, पट्टीचा रंग बघा,
रंगावरून प्रांत कळायचा.
म्हणाले, यांचे तपकिरी शर्ट मुळात आफ्रिकेतल्या फौजेसाठी शिवलेले.
लढाई हरली, गठ्ठे उरले,
उरलेल्या गठ्ठ्यांनी माणसं गोळा केली.
मला पटलं.
उरल्या कापडाचं काय काय होतं ते शिंप्याला विचारा.

काळ्या टोप्यांवरची कवटी तर आणखी जुनी, म्हणाले,
घोडेस्वारांकडून चालत आलेली.
पहिल्या कवटीला खालचा जबडा नव्हता.
चौतीस साली बसवला.
म्हणजे तोवर तिला चावता येत नव्हतं, मी म्हटलं.
साहेबांनी चष्मा पुसला.

शरफुद्दीन होडेकर आगवाला.
बोटीच्या पोटात कोळसा ओढायचा.
त्याच चौतीसच्या उन्हाळ्यात हॅम्बुर्गच्या गोदीत
पहाटे राख टाकायला वर आला
तर पाण्यावर टोपी. खाली डोकं नाही.
आकडीने ओढून घेतली.
त्या आठवड्यात काळे डगलेवाले तपकिरी शर्टवाल्यांना
घरातून उचलून मारत होते,
हे मला आगटेंनी सांगितलं.
शरफुद्दीनने घरी एवढंच सांगितलेलं:
भिजली होती, वाळवली.

रुकय्याबीने ती उलटसुलट करून पाहिली.
ऊन अडत नाही, पाऊस अडत नाही.
आत काथ्या कोंबला, सुतळीने टाके घातले
(मी तपासले, आडवे, घट्ट, एकही सुटलेला नाही)
आणि चुंबळ केली.
सत्तावीस वर्षं, विहीर ते पडवी, वर दोन हंडे.
टोपी ती, डोक्यावरच राहिली.
फक्त आता तिच्याही डोक्यावर काहीतरी होतं.

लढाईनंतर तिकडेही, आगटे सांगतात,
पोलादी टोपांना भोकं पाडून चाळण्या केल्या.
तिकडच्या बायकांना जरा उशीरच झाला.

आणि बिल्ला? पक्षी कुठाय?
पक्ष्याशिवाय किंमत पाव होते.
होडेकरांची सून दाराशी उभी.
पोरांनी नेला होता, म्हणते, घार म्हणून.
नखांत नुसतं चाक,
चाकात तुमच्या उंबऱ्यावर असतं ते,
पण कुणाचा धक्का लागल्यासारखं तिरकं.
बंदरावर रोज शंभर घारी,
एकीच्या तरी नखांत कुणी चाक पाहिलंय?
मासा न धरणारी घार.
पोरांनी खाडीत फेकली.

काथ्या काढा, साहेब म्हणाले,
मूळ आकार परत आणा. शिलाई तीन हजार.

मी कात्री घेतली. पहिला टाका कापला.
सुतळीबरोबर एक केस आला,
लांब, टोकाला मेंदीचा, मुळाशी पांढरा.
आगटेंनी चिमट्यात धरला, उजेडात पाहिला.
हा मूळ मालाचा नाही, म्हणाले,
टाकून द्या.

मी कात्री खाली ठेवली.
म्हटलं, साहेब, काम नाजूक आहे,
गुरुवारी या.

गुरुवारच होता.