चोवीस तासांची वही

डॉक्टरीणबाईंनी छातीवर पट्ट्या चिकटवल्या,
कमरेला डबी बांधली, आणि हा कागद दिला.
तीन रकाने: वेळ, काय करत होता, काय वाटलं.
जुवेनालला अक्षरं जुळवायला उशीर लागतो,
म्हणून लिहिते मी, दोर्वालिना, त्याची बायको.

दहा वीस. आरासुआईहून परतीची बस.
खिडकीशी बसला. काय वाटलं?
म्हणाला, ऊन.
गोळ्यांनी त्याची कातडी उन्हाला भिते आता,
कपाळ निळसर पडलंय. टोपी मीच पुढे ओढली.

बारा. भात, घेवडा, भेंडी.
मीठ मागितलं नाही.
आमच्यात ताटावर बसून कुणीच मागत नाही.
अदेलिनोने मागितलं होतं, त्याच्या धाकट्या भावाने,
एक्केचाळिसाव्या वर्षी.
"जरा मीठ" म्हणाला
आणि हात तसाच पुढे.
वाक्य अर्धं, माणूस संपलेला.
आदल्या दिवशी त्याने एकट्याने विहिरीचा रहाट बसवला होता.
लोक म्हणाले, काय सुंदर मरण आलं.
सुंदर!
मी त्याच्या बायकोला दोन रात्री धरून बसले होते.

दोन चाळीस. माझ्या मडक्यांसाठी माती मळली.
बाई म्हणाल्या होत्या, रोजचं काम करू द्या.
काय वाटलं: काही नाही.
पण मी बघत होते, म्हणून लिहिते.
मळता मळता उठला, चौकट धरून उभा राहिला,
मागून कुणी हाक मारावी तसा.
एवढं सगळं "काही नाही"त बसतं का,
ते तुम्ही ठरवा.

सहा. जुन्या घराचा विषय निघाला.
कुडाच्या भिंती, वाळून तडकलेली माती, वर गवत.
दिवा विझला की भेगांतून उतरायचा तो किडा.
आम्ही त्याला न्हावी म्हणतो,
झोपलेल्याचा गालच शोधतो म्हणून.
सकाळी एखाद्या पोराचा डोळा सुजलेला.
सासूबाई म्हणायच्या, कोळी फिरला असेल.
सहा भावंडं एका चटईवर,
न्हाव्याने कुणाची पाळी चुकवली नाही.
पुढे फवारणीवाले आले, भिंतींना गिलावा झाला,
किडे गेले.
जे आत शिरलं होतं ते राहिलं,
पन्नास वर्षं, भाडं न देता.

नऊ पंधरा. आडवा झाला. डबी पोटावर.
अकरा. झोपलाय.
एक. झोपलाय.
तीन दहा. हे लिहावं की नाही कळत नाही,
रकाना त्याचा आहे, जागी मी आहे.
कान लावला छातीला.
ठोके नीट चालले होते,
मग चार-पाच घाईघाईने,
एकमेकांच्या टाचांवर पाय देत,
आणि मग
भेग.
केवढी, ते सांगता येणार नाही.
पलीकडून पुन्हा एक ठोका आला,
तेव्हा माझ्या मुठीत त्याचा सदरा होता.

बाई म्हणाल्या, कागदावर अशा धावा सापडल्या
तर खांद्याच्या हाडाखाली यंत्र बसवता येतं.
ते गप्प असतं. हृदय भलतीकडे पळालं
की आतून लाथ घालतं.
म्हणजे आमची जुनी गाढवी, जुवेनाल म्हणाला,
आणि बाईसुद्धा हसल्या.
यादी बेलो होरिझोन्तेला लागते.
लांब आहे. शहरही, यादीही.

सहा. उठला. काय वाटलं?
भूक.
साडेसात. कॉफी, मक्याची भाकरी. दाढी करून घेतली
स्वतःच्या हाताने, शिटी वाजवत.
साडेआठची बस.

कागद भरत आला. तळाशी एक ओळ उरली आहे,
ती माझी.
माझ्याही रक्ताचा निकाल आलाय, परवाच.
माहेरच्या भिंतीही कुडाच्याच होत्या.
छातीचा आलेख अजून सरळ आहे म्हणतात,
मुलींचं रक्त सोमवारी घेतील.
त्याला सांगितलेलं नाही.
तुम्ही पट्ट्या काढा, मग सांगेन.
आत्ता सांगितलं
तर डबी लिहून घेईल.