निव्वळ वजन

जालन्याला एमआयडीसीच्या वळणावर माझा काटा आहे.
माझा म्हणजे मालकाचा.
मी काचेआड बसतो आणि आकडे फाडून देतो.
भंगाराची गाडी येते, भरलेली.
भट्टीवर रिकामी होऊन परत येते.
एकातून एक वजा. खाली राहतं ते निव्वळ.
अठरा वर्षं हेच केलं,
आणि क्लबातली एक फुकट थाळी मला तोलता येईना.

अंबड रस्त्याला, टायरच्या दुकानावर, पहिला मजला.
तेरा पानी रमी, एकच एसी, तोही तोंड फिरवून बसलेला.
माणिक घुलेनं नेलं.
म्हणला, 'कार्ड काढून ठेव. फुकट असतंय.'
निळं कार्ड. त्यावर टी. डी. खंडारे.
मी खंदारे. पण कोण भांडणार?
पाचशेच्या टोकनांना पाच पॉइंट, चाळीसला थाळी,
शंभरला निळ्याचं सोनेरी,
मग मटण, आणि सोबत एक माणूस आणायची मुभा.

वजनाच्या पावतीच्या पाठीवर हिशोब मांडला:
अशी थाळी बाहेर दोनशे वीसला,
बसस्टँडच्या मागं एकशे साठलासुद्धा.
चाळीस पॉइंटांना मला चार बैठका लागल्या.
पहिलीत साडेसातशे गेले. दुसरीत तीनशे आले.
तिसरीचं आठवत नाही.
चौथीत,
तेवढ्यात ट्रक आला.

पण रस्सा येसर घालून केलेला,
ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात,
आणि शुद्धोधन, वाढणारं पोरगं, वाकून म्हणणार,
'काका, अजून अर्धी? रस्सा घ्या की वाईच.'
आमची ही दोन वर्षं झाली लातूरला, नातवापाशी.
घरी डबा माझा मीच भरतो.
अजून अर्धी घे, असं मी मला म्हणत नाही.
हे पावतीच्या कुठल्या रकान्यात लिहू?

काट्यावर एक जुनी चोरी आहे.
भरलेली गाडी तोलताना ड्रायव्हर केबिनमध्ये बसून राहतो,
रिकामी तोलताना गुपचूप उतरतो.
सत्तर किलोचा माणूस भंगाराच्या भावानं विकला जातो.
मी काच सरकवून ओरडतो, 'उतर बाबा खाली!'
क्लबात माझ्यावर कोणी ओरडत नाही.
तिथं मी खिशासकट बसतो, खिशाशिवाय उतरतो,
आणि मधलं वजन कुणाच्या पावतीवर पडलं
ते विचारायला लाज वाटते. पोट भरलेलं असतं ना.

एका बुधवारी नुसताच जेवायला गेलो.
टोकन घेतलं नाही. साठलेले पॉइंट होते, हक्काचे.
शुद्धोधननं ताट ठेवलं, मान खाली घालून म्हणाला,
'काका, एक तरी डाव बसा. मालक बघायलेत.'
आवाज तोच होता. आग्रहही तोच.
फक्त भाकरीच्या जागी डाव.
त्याचा राग नाही आला. त्यालाही पगार कुणीतरी तोलून देत असेल.

मग मोबाईलवर आलं: आपले बासष्ट पॉइंट
एकतीस तारखेला बाद होतील.
सोनेरीला अडतीस कमी.
अडतीस म्हणजे तीन हजार आठशेची टोकनं,
म्हणजे सोबत एक माणूस.
माणिक म्हणला, 'सोड नको, एवढं आलंय तर.'
लातूरची एस.टी. त्याच्या दहाव्या हिश्शात येते-जाते,
आणि तिथं कार्ड बघत नाहीत.
तरी मी गेलो नाही लातूरला.
का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

काल चाळीस मोडले. जेवलो. वांगं होतं, बरं होतं.
जाण्याआधी, गाड्या नव्हत्या म्हणून,
मी एकटा काट्यावर उभा राहिलो होतो.
एवढा साठ टनी लोखंडी पाट, आणि त्यावर चपला घातलेला मी.
आकडा आला साठ.
जेवून आलो, पुन्हा उभा राहिलो.
साठ.
आमच्या काट्याची पायरी वीस किलोची.
माणूस जेवला का उपाशी, एवढं बारीक त्याला दिसत नाही.

पावती निघाली तशी फाडली,
आणि निळ्या कार्डामागं ठेवली.
बावीस उरलेत.
परवा बुधवार.