जांभळं पॅड

मी तेव्हा हर्णैच्या पोस्टात होतो.
होळीला चार दिवस होते, लिलावाला तास,
आणि हरिश्चंद्र पावशे कागद घेऊन खिडकीशी आला.
फुलस्केप, तीन पानं, गंजकी टाचणी.
वर शाळेतल्या बाईंचं वळणदार अक्षर:
‘अमेरिकेने इराकवर हल्ला करू नये, ही नम्र विनंती.’
खाली नुसत्या ओळी.
‘पॅड द्या जरा,’ म्हणाला,
‘सह्यावाले थोडे, अंगठेच जास्त.’

सरकारी शाई. मनीऑर्डरीपुरती.
नियम मला पाठ होता.
मी पॅड उघडून खिडकीत ठेवलं
आणि टपालाच्या पिशवीची गाठ
उगाच सोडत बांधत बसलो.

बाया पाट्या ओट्यावर टेकवून आल्या.
पदराला पुसूनही बोटांना खवले राहिलेच,
ठशाठशात एखादा, तिकिटासारखा चिकटलेला.
इसाक खलाशी सही करू शकायचा,
तरी त्याने अंगठाच दिला.
गलबतावर कौलं घेऊन तो बसऱ्याला जायचा, खजूर घेऊन यायचा.
‘तापात पडलो तवा एकानं आठ दिस घरी ठेवला,’ म्हणाला,
‘नाव इचारायचा राहिला.’

मग रुकय्या हमदुले.
तिचा नईम कुवेतला, गोऱ्या फौजेच्या मुदपाकखान्यात,
त्याचा ड्राफ्ट त्याच आठवड्यात
माझ्याच हातून तिला गेलेला.
मी हळूच म्हटलं, ‘बाय, बघ हां.’
ती म्हणाली, ‘भात तो रांधतो, तेचा जाब तो देल.
अंगठा माझ्या हाताला हाय.’
आणि असा दाबला, की मागच्या पानावर उमटला.

त्या संध्याकाळी लिलावात
सरंग्यांच्या पांढऱ्या पोटांवर जांभळे डाग.
मुंबईचा व्यापारी भाव पाडायला लागला,
‘हे काय लावलंत माशाला?’
पावशेने पाटीमागे पाच रुपये सोडले,
कारण सांगितलं नाही.

रजिस्टर, पोचपावतीसह. वजन चाळीस ग्रॅम,
खवले धरून.

होळी पेटली. तोंडावर पालथी मूठ मारत
पोरांनी पाखाडी दणाणून सोडली,
यंदा शिव्यांत एक परदेशी नावही होतं.
धुळवडीच्या दुसऱ्या सकाळी पालखी खालच्या आळीत होती,
खुर्शीद टेलरच्या रेडिओवर बातमी आली.
ढोल थांबला नाही. कसा थांबेल, देव खांद्यावर होता.
पावशे माझ्याजवळ येऊन म्हणाला,
‘आमची बोंब, त्यांचा बॉम्ब.
शाळेत ह्यावरूनच मार खाल्ला होता मी.’
हसला नाही.

नवव्या दिवशी पोचपावती परत आली.
गोल शिक्का, न लागणारी सही.
रुकय्याने ती उलटी धरून पाहिली.
‘काय लिवलाय?’
‘पोचलं, एवढंच.’
‘नि नईमचा?’
नईमचं काहीच नव्हतं त्या टपालात.
पुढच्याही नव्हतं.
त्याच्या पुढच्यात होतं: ‘बरा आहे. भांडी वाढली आहेत.’

मे महिन्यात तपासणीला साहेब आले.
पॅडवर बोट फिरवून म्हणाले, ‘शाई एवढी कशी खपली?’
मी रजिस्टरात लिहिलं: उन्हाने सुकली.
बत्तीस वर्षांच्या नोकरीत
खोटं म्हणावं असं तेवढंच.
अंगठे ब्याऐंशी होते.
त्र्याऐंशीवा द्यायला
माझा हात खिडकीच्या आतच राहिला.