दोनशे पानी वही

सदतीस वर्षं कमरेला सरकारी पट्टा होता,
आता पायजम्याची नाडीही सैल बसते.
तरी प्रभुदेसाई आले, सुपारी कातरत म्हणाले,
"हवालदारानू, देवस्थानाचा दल उभा करूचा हा.
आठ झील निवडलेत. तुमी नुसती कवायत शिकवा."

त्यांचं चुकत नव्हतं.
देवाचा चांदीचा मुखवटा गेला
तेव्हा आमचं खातं तिसऱ्या दिवशी आलं.
कुत्रं आणलं, ते सड्यापर्यंत धावलं
आणि कातळावर बसून, जीभ काढून
समुद्राकडं बघत राहिलं.
निवृत्तीला महिना उरला होता. पंचनामा मीच लिहिला.
मुखवटा कुठं वितळला, देव जाणे.
देवानं सांगितलं नाही.

म्हणून शिकवलं.
होळीच्या मांडावर, सकाळी सहाला,
सावधान, विश्राम, दहिने मूड.
खाकी चालत नाही म्हणून तपकिरी-भगवा असा मधलाच रंग,
खिशावर घंटेचं चित्र, शिट्ट्या कणकवलीहून,
लाठ्या मात्र आमच्याच परड्यातल्या माणग्याच्या.
गर्दीत लाठी आडवी धरायची, उभी नाही.
बाईमाणसाला हात नाही.
कोंडायचा अधिकार आपल्याला नाही.
हे शेवटचं मी बहुतेक हळू बोललो.

वेळण्याच्या शिमग्यात, पालखी नाचत असताना
केळूसकरांच्या हेमूला उचलला.
पालखीच्या तोंडावर मोबाइल धरला म्हणे.
पायात चप्पल होती म्हणे.
उलट बोलला म्हणे.
कारणं तीन, आणि तिन्ही म्हणे.
ढोलांच्या खोलीत, तेलाच्या डब्यांमागं
बाहेरून कडी.

पहाटे त्याची आई माझ्या खळ्यात.
ओल्या जाळ्याचा वास, पदर डोक्यावर नाही.
"माज्या झिलाक खंय ठेवल्यानी?
चौकीर जावन इलंय. थंय त्याचा नावच नाय."

नावच नाही.

पोलिसाचा हात काही तुळशीच्या पाण्यानं धुतलेला नसतो.
मीही एकाला रात्रभर बाकावर बसवलाय
आणि डायरी सकाळी भरलीय, चहा पिऊन.
पण त्याच्या बापाला ओरडायला एक दार होतं.
दारामागं फौजदार, फौजदारावर साहेब,
साहेबावर तालुक्याचं कोर्ट.
तिथला पंखा खडखडतो, तरी कधी कधी ऐकू येतं.
देवाच्या पोलिसावर फिर्याद कुणाकडं?
आणि फिर्यादी झाला की माणूस
देवाविरुद्ध उभा, असं गाव बोलणार.
मग त्याच्या घरच्या लग्नाचा नारळ कोण ठेवणार?

दीनानाथ गुरवाला विचारलं.
म्हणाला, कौल उजवा झालेला, सगळ्यांसमोर.
"काय विचारलेलंस?"
"राखण व्हयी की नको."
कोणापासून, ते विचारायचं राहिलं.

तसा गावाला राखणदार आहेच, हद्दीवर, वडाखाली.
लाडू चव्हाण दरसाल त्याला वहाणा शिवतो,
हातभर लांब, तिहेरी तळाच्या.
वर्षअखेरीस टाच झिजलेली असते, मी हात लावून पाहिलीय.
रात्री चुकलेल्याला तो बांधापर्यंत पोचवतो.
कोंडल्याचं ऐकलं नाही.
हातात काठी त्याच्याही आहे, हे खरं.
पण त्याला समिती नाही, अध्यक्ष नाही,
पुढच्या ग्रामपंचायतीत उभं राहायचं नाही.

दुपारी दोनशे पानी वही आणली.
नाव : हेमंत रघुवीर केळूसकर. वय सतरा.
आत घेतल्याची वेळ : रात्री अकरा चाळीस.
सोडल्याची : पाच दहा.
स्थळ : ढोलांची खोली.
अंगावरच्या खुणा : डावी पोटरी, एक.
पोटरीवर मारतात, हे त्यांना कुणी सांगितलं
ते मला आठवत नाही असं मी लिहिलं नाही.

दलाचा नाईक उल्हास, माझ्याच पुतण्या.
त्याच्यापुढं वही सरकवली, सही कर म्हटलं.
पेन हातात घेऊन तो कितीतरी वेळ.
"काका, कोणाच्या वतीन करू?"

ती ओळ अजून कोरी आहे.
वही माझ्या उशाला.
उद्या मांडावर जायचं की नाही, ठरत नाही,
आणि सहा वाजायच्या आधीच
कुणीतरी शिट्टी वाजवून बघतोय.